सदोबा मुंगूस आणि विजयाचा अहवाल

एका जंगलात एक कॉलेज होतं. नीट बसा आधी, मांडी घालून. जंगलात कॉलेज कशाला, असं विचारू नका. ते तिथल्या प्राध्यापकांनाही माहीत नव्हतं. कॉलेज होतं म्हणून प्राचार्या होत्या. प्राचार्या होत्या म्हणून समिती होती. आणि एकदा कुणा शिकाऱ्याच्या जीपमधून एक रबरी चेंडू पडला, म्हणून बास्केटबॉलचा संघ होता.

मैदानाच्या दोन टोकांना दोन साग होते. सागांना बूड काढलेल्या दोन टोपल्या बांधल्या होत्या. चेंडू टोपलीतून खाली आला की दोन गुण. इतकं कळलं ना? मग पुढचं सगळं कळेल. संघातल्या रानगव्याला मात्र हे कळायला चार वर्षं लागली.

संघाला प्रशिक्षक दोन. एक मुख्य आणि एक सहायक. दोघांतला फरक नीट ऐका, मोठेपणी उपयोगी पडेल. मुख्य प्रशिक्षकाला खुर्ची होती. सहायकाला काम होतं.

हा सहायक म्हणजे आपला सदोबा मुंगूस. एकोणीस वर्षं तो सहायक होता. रोज सकाळी आधी तो रानगव्याला उठवायचा. तुम्ही कधी रानगव्याला उठवलंय? नाही ना? मग हसू नका. मग माकडाला सांगायचं, की चेंडू हे फळ नव्हे. हे रोज नव्याने सांगावं लागे. मग सारस पक्ष्याला दोन्ही पायांवर उभं करायचं. चितळाला सांगायचं, की शिट्टी वाजली म्हणजे वाघ आला असं नाही. आणि संघातली घोरपड सामन्यात एकदा प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला चिकटली, की सामना संपल्यावर तिला गोडीगुलाबीने सोडवायचं.

या एकोणीस वर्षांत मुख्य प्रशिक्षक सात झाले. सगळे बाहेरून आले, सगळ्यांचं ढोल वाजवून स्वागत झालं. पहिला वाघ होता. त्याने दुसऱ्याच सरावात एक खेळाडू खाल्ला. समितीने ती नोंद 'संघात बदल' अशी केली. मग एक मोर आला. तो मध्यंतरात नाचायचा आणि खेळाडू बघत बसायचे. सध्याचा होता बजाबा अस्वल. बजाबा खुर्चीत बसायचा, हाताची घडी घालायचा आणि अर्ध्या तासात दोनदा ओरडायचा, "खेळा!"

बस्स. एवढंच. पण ओरडायचा असा, की प्रेक्षक म्हणायचे, "वा! काय मार्गदर्शन आहे!"

आता एक महत्त्वाची गोष्ट. त्या कॉलेजची एक रीत होती. सामना संपला की सूर्य मावळायच्या आत प्राचार्यांकडे लेखी अहवाल द्यायचा, खाली सही करून. संघ जिंकला की अहवाल मुख्य प्रशिक्षक द्यायचा. गळ्यात हार घालून द्यायचा. संघ हरला की मुख्य प्रशिक्षकाच्या नेमकं पोटात दुखायचं. मग तो म्हणायचा, "सदोबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. एवढं लिहून टाका."

आणि सदोबाचं अक्षर खरंच चांगलं होतं. तेच तर त्याला भोवलं.

सुरुवातीला तो सहीखाली 'मुख्य प्रशिक्षकांकरिता' असं लिहायचा. पण कागद म्हणजे पळसाचं पान. त्यात जागा कमी. पुढे पुढे 'मुख्य प्रशिक्षकांकरिता' गेलं आणि नुसतं 'सदोबा मुंगूस' उरलं. मजकूर त्याला तोंडपाठ झाला होता. 'सविनय सादर. आजच्या सामन्यात जे घडले ते सर्वस्वी माझ्या दुर्लक्षामुळे घडले. त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. पुन्हा असे घडणार नाही. कळावे, आपला नम्र.' शेवटी शेवटी तो हे बोलता बोलता, रानगव्याला दटावता दटावता, पानाकडे न बघता लिहायचा.

दर वेळी मुख्य प्रशिक्षक गेला की सदोबा त्या जागेसाठी अर्ज करायचा. दर वेळी समिती बसायची. समितीत तिघं. प्राचार्या अंबूताई हत्तीण, एक गिधाड आणि एक कासव. गिधाडाला घाई असायची आणि कासवाला नसायची, त्यामुळे काम बेताच्या वेगाने चालायचं.

अंबूताई कपाटातून अहवाल काढायच्या. "सदोबा, हे बघा. जिंकल्याचे अहवाल एकशे बारा. त्यात तुमचं नाव कुठेच नाही. हरल्याचे सत्त्याऐंशी. सगळे तुमच्या सहीचे. ही सही तुमचीच ना?"

"माझीच, बाई. पण ते मी नुसतं लिहून..."

"अक्षर सुरेख आहे हो!" अंबूताई म्हणायच्या. आणि जागा बाहेरच्या कुणाला तरी मिळायची.

असं सहा वेळा झालं.

यंदा बातमी आली, की बजाबा अस्वलाला थोरल्या जंगलात सल्लागार म्हणून बोलावलंय. म्हणजे खुर्ची रिकामी होणार. सदोबाने सातवा अर्ज केला. अंबूताईंनी त्याला बाजूला घेतलं. त्या मनाने वाईट नव्हत्या हो.

"सदोबा, सातच्या पुढे अर्ज घेत नाहीत, असा नियम आहे. हा तुमचा शेवटचा. मला कपाटातून काढून दाखवायला तुमच्या सहीचा एक तरी विजय आणून द्या. एकच. मग बघा, मी समितीला कशी गप्प बसवते."

सदोबा घरी गेला. बायकोला, पारूबाईला, सगळं सांगितलं. पारूबाई बिळाच्या तोंडाशी धान्य निवडत बसली होती. ती म्हणाली, "अहो, पण जिंकल्यावर सही ते अस्वल करतं ना? मग तुमचा विजय आणायचा कुठनं?"

 पण उत्तर आपणहून चालत आलं. जंगलोजंगलीच्या सगळ्या मुख्य प्रशिक्षकांना 'आदर्श प्रशिक्षक' पुरस्कार जाहीर झाला. एकूण प्रशिक्षक चाळीस, पुरस्कारही चाळीस. कुणी नाराज व्हायला नको. समारंभ होता अंतिम सामन्याच्याच दिवशी. बजाबा शालीचं माप देऊन पुढे निघूनही गेला.

सदोबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सामना त्याच्या एकट्याच्या हातात होता.

अंतिम सामना होता नदीपलीकडच्या कॉलेजशी. तिथला मुख्य प्रशिक्षक एक तरस. तोही पुरस्काराला गेलेला. मागे राहिला त्यांचा सहायक, नारोबा साळिंदर.

नारोबा आणि सदोबा एकमेकांना चांगले ओळखायचे. सहायकांचं एक काम असं असतं, की सामन्याआधी पलीकडे जाऊन लपून बसायचं आणि समोरच्या संघाचा सराव बघून टिपून घ्यायचं. नदीवर अर्जुनाच्या झाडाचं एक खोड आडवं पडलं होतं. दर वेळी खोडाच्या मधोमध दोघांची गाठ पडायची.

"काय नारोबा, आमच्याकडे का?"

"व्हय. तुम्ही आमच्याकडं?"

"हो. उजवीकडच्या करवंदीत बसा. तिथून चांगलं दिसतं."

"तुम्ही आमच्या वारुळामागं बसा. सावली हाय."

असे दोघे सज्जन. सदोबाची लेखणीसुद्धा नारोबाच्याच पाठीवरची होती. आणि एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं इतकं टिपून ठेवलं होतं, की टिपायचं काही शिल्लक नव्हतं. यातच सगळा घोटाळा झाला.

सामना सुरू झाला. पंच होतं घुबड. ते दिवसा झोपायचं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध कुणाची तक्रार नसायची.

माकडाने चेंडू घेतला आणि डावीकडे बघितलं. नारोबाला माहीत होतं, की माकड डावीकडे बघतं तेव्हा उजवीकडे फेकतं. त्याने आपली नीलगाय उजवीकडे उभी केली. सदोबाला माहीत होतं, की नारोबाला हे माहीत असणार. त्याने चितळाला मधून पाठवलं. पण नारोबाला हेही माहीत होतं. मध्ये त्याचं रानडुक्कर आधीच येऊन बसलं होतं.

मग नारोबाच्या संघाने चेंडू घेतला. ते कुठे जाणार, हे सदोबाला ते निघायच्या आधीच ठाऊक होतं.

अर्धा वेळ झाला. शून्य-शून्य. पूर्ण वेळ झाला. शून्य-शून्य. बास्केटबॉलमध्ये बरोबरी चालत नाही, मुलांनो. पाच मिनिटं वाढवून देतात. घुबडाने पाच मिनिटं दिली. शून्य-शून्य. आणखी पाच दिली. संध्याकाळी घुबडाला पुरती जाग आली, तेव्हा त्याला नियम आठवले आणि त्याने खेळ दुसऱ्या दिवसावर टाकला.

दुसऱ्या दिवशी शून्य-शून्य. तिसऱ्या दिवशीही. प्रेक्षकांतल्या एका रानकोंबडीने जागेवरच अंडी घातली, उबवली, आणि पिल्लं बाहेर येऊन विचारायला लागली, "आई, किती झाले?" ती म्हणाली, "शून्य-शून्य. गप्प बघा."

तुम्ही म्हणाल, एवढे दिवस ते मुख्य प्रशिक्षक होते कुठे? अहो, चाळीस सत्कारमूर्ती! प्रत्येकाचं मनोगत! अजून सतराव्याचंच चाललं होतं.

सदोबा खंगत चालला. रोज नवी चाल रचायचा. रोज नारोबा ती आधीच ओळखायचा. एकदा पाण्यावर दोघांची गाठ पडली.

"सदोबा, आता मला जिंकायचं बी न्हाई," नारोबा म्हणाला. "फकस्त न हरता घरी जायचंय. हरल्याचं लिहून लिहून पाठीवरचे काटे संपत आले माझे."

"मला एकच विजय पाहिजे, नारोबा," सदोबा म्हणाला. "फक्त एक."

दोघे पाणी प्यायले आणि आपापल्या बाजूला गेले.

एकविसाव्या दिवशी पारूबाई डबा घेऊन मैदानावर आली. नवऱ्याची दशा बघून तिला भरून आलं, आणि भरून आलं की ती रागावायची.

"अहो, ते अस्वल जिंकायचं तेव्हा काय करायचं हो?"

"काही नाही. खुर्चीत बसायचं."

"आणि?"

"ओरडायचं. खेळा म्हणून."

"मग तुम्ही पण बसून बघा की! तुमची हुशारी त्या साळिंदराला पाठ झालीय. तुमचं बसणं त्याने कुठे बघितलंय?"

सदोबा कसनुसा झाला. खुर्चीत? आपण? पण दुसरं काही सुचत नव्हतं. तो गेला, इकडे तिकडे बघितलं आणि खुर्चीवर चढला. पाय जमिनीला पोचत नव्हते. पण पाठीला टेका मिळाला. एकोणीस वर्षांत त्याच्या पाठीला टेका मिळाला नव्हता. त्याला फार बरं वाटलं. त्याने हाताची घडी घातली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "खेळा!"

सगळं मैदान थबकलं.

"काय खेळू, सर?" माकडाने विचारलं.

उत्तर सदोबाच्या जिभेवर होतं. डावी बगल, मग सारस, मग टोपली. त्याने ते गिळलं. फार जड गेलं हो त्याला.

"खेळा म्हणजे खेळा!"

आता सदोबा सरांनी कारण न सांगता काही सांगितलंय, असं आजवर कधी झालं नव्हतं. रानगवा घाबरून उलटा धावत सुटला. चितळाने झाडीत उडी घेतली. घोरपड चुकून घुबडाला चिकटली. नारोबा भराभर पानं चाळायला लागला. 'सदोबा खुर्चीत', अशी नोंद कुठेच नव्हती. तेवढ्यात माकड चिडलं, आणि चिडल्यावर माकडं करतात तेच त्याने केलं. हातातलं भिरकावून दिलं. चेंडू सारसाच्या पंखाला लागला, तिथून धावत्या गव्याच्या शिंगावर गेला, आणि शिंगावरून उडाला तो टोपलीतून खाली.

पाठीला चिकटलेल्या घोरपडीमुळे घुबड पहिल्यांदाच वेळेवर जागं झालं. त्याने वेळ संपल्याची शिट्टी फुंकली. दोन-शून्य. सामना संपला!

काय तो आनंद, काय सांगू! गवा नाचला. पारूबाईने रिकामा डबा वाजवला. नारोबा लांबून चालत आला आणि सदोबाचा हात हातात घेऊन म्हणाला, "शोभलं तुम्हांला." सदोबाला रडू फुटलं. मोठ्याने रडला, सगळ्यांसमोर. एकोणीस वर्षांचं होतं ते, थोडक्यात कसं आटपणार?

पण सूर्य कलायला लागला होता. अहवाल द्यायचा होता! सदोबा आणि नारोबा एकाच दगडावर लिहायला बसले. नारोबाचं पान अर्ध्या मिनिटात झालं. सदोबा नुसताच बसून राहिला. विजयाचं काय लिहितात, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने कधी लिहिलं होतं? 'सविनय सादर' एवढं लिहिलं आणि अडला.

"अहो, आटपा," पारूबाई म्हणाली. "दिवस बुडतोय."

माकड येऊन गळ्यात पडलं. गव्याने त्याला शिंगांवर उचलायचा प्रयत्न केला. "अरे, थांबा! अरे, हो हो!" सदोबा हसत होता, डोळे पुसत होता, आणि हात आपला लिहीत होता. शेवटी त्याने सही केली. अशी ठसठशीत सही त्याने जन्मात केली नव्हती. कारकून कावळ्याने पान उचललं आणि सूर्य टेकला तेव्हा ते अंबूताईंच्या टेबलावर होतं.

तीन दिवसांनी समिती बसली. सदोबा अंघोळ करून, मिश्या चोपून आला होता. अंबूताईंचा चेहरा मात्र उतरलेला होता. कासवाने पान वाचायला घेतलं. कासव हळू वाचायचं, त्यामुळे प्रत्येक शब्द नीट ऐकू आला.

"सविनय सादर. आजच्या सामन्यात जो विजय झाला, तो सर्वस्वी माझ्या दुर्लक्षामुळे झाला. त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. पुन्हा असे घडणार नाही. कळावे, आपला नम्र, सदोबा मुंगूस."



"सही तुमचीच ना?" गिधाडाने विचारलं.

"माझीच," सदोबा म्हणाला. "पण बाई, ते सवयीनं..."

"थांबा," गिधाड म्हणालं. "यातलं काही खोटं आहे का? तुम्ही लक्ष घालत होतात तोवर एकवीस दिवस काही झालं नाही. दुर्लक्ष केलंत आणि संघ जिंकला. बरोबर?"

सदोबा प्रामाणिक होता. त्याने विचार केला आणि म्हणाला, "बरोबर."

"आणि पुन्हा असं घडणार नाही, असं लेखी दिलंय," कासव म्हणालं. "यापुढे विजय होणार नाही, असं जो लिहून देतो, त्याला मुख्य प्रशिक्षक कसा नेमायचा? आपलं कॉलेज आहे. हसतील लोक."

अंबूताईंनी सोंडेने डोळे पुसले. त्या समितीला गप्प बसवणार होत्या. पण समितीचं म्हणणं त्यांनाही पटलं होतं.

मग नेमणूक झाली नदीपलीकडच्या तरसाची. का? कारण त्याचा संघ हरला तेव्हा तो तिथे नव्हता. म्हणजे तो असता, तर संघ जिंकला असता. याला समितीत तर्क म्हणतात. तरसाचं मनोगत अजून व्हायचं होतं, पण त्याने तिथूनच होकार कळवला.

सदोबा जायला उठला.  

"सदोबा, जरा थांबा," अंबूताई हळूच म्हणाल्या. "तुमचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र तुम्हांला द्यायला हवं. नियमच आहे तसा. पण इथे कुणालाच असलं नीट लिहिता येत नाही हो. तेवढं तुम्हीच लिहून द्याल का?"

सदोबाने त्यांच्याकडे बघितलं. गिधाडाकडे बघितलं. कासवाने तोवर एक चांगलंसं पान निवडून पुढे सरकवलंही होतं.

आणि मुलांनो, तो बसला. लिहायला लागला. पहिली ओळ वाकडी गेली. मग दुसऱ्या ओळीपासून अक्षर लागलं. आपण किती वर्षं निष्ठेने सेवा केली, त्याची समितीला किती जाणीव आहे, तरी निरुपाय कसा झाला, हे त्याने इतकं हळुवार लिहिलं, की अंबूताईंनी वाचताना हुंदका दिला.

"किती गोड नकार दिलात हो!" त्या म्हणाल्या.

पत्राखाली सदोबाने 'प्राचार्यांकरिता' म्हणून सही केली. मग पत्र स्वतःच्याच हातात घेतलं. कावळ्याने आठवण केली, की पोच राहिली. सदोबाने खाली लिहिलं, 'मिळाले', आणि दुसरी सही केली.

तात्पर्य: लेकरांनो, पडेल ते काम चोख करा. म्हणजे ते तुमच्याकडून कुणीही, कधीही काढून घेणार नाही. आणि कुणाचं अक्षर चांगलं असेल, तर त्याने ते आत्ताच बिघडवायला घ्यावं.